यंदा तिघंच

निकेत भुवडने आपल्या धडधाकट आईला आजारी पाडलं ते फोनवर, बोलता बोलता. आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. पलीकडून परशुराम विचारत होता की होळी तोंडावर आली, यंदा नदीवर कधी निघायचं, आणि निकेतच्या तोंडून निघून गेलं, “यंदा कठीण आहे रे. आईला बरं नाही.”

परशुरामने लगेच विचारलं, काकूंना काय होतंय. आता काहीतरी सांगणं भाग होतं. निकेत म्हणाला, चक्कर येते, एकटं ठेवू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. हे तो बोलत होता तेव्हा त्याची आई ओट्यापाशी उभी राहून सुकट निवडत होती आणि खिडकीतून समोरच्या हिनाबेनशी आपल्या कोकणी वळणाच्या हिंदीत खणखणीत गप्पा मारत होती. तो आवाज फोनवर जाईल म्हणून निकेत बाल्कनीत गेला आणि मागे दार ओढून घेतलं.

“मग तू अजिबात निघू नकोस,” परशुराम म्हणाला. “नदी काय, पुढच्या वर्षी पण आहे. काकूंना जप.”

फोन ठेवून निकेत कठड्याला टेकला. खाली शांती नगरच्या रस्त्यावर पाणीपुरीवाल्याभोवती गर्दी जमत होती. काम झालं होतं, आणि इतकं सहज झालं याचीच त्याला लाज वाटत होती.

काम कसलं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

निकेत, परशुराम, राज आणि रोशन हे चौघं भाईंदरला एकाच चाळीत वाढले. पन्नाशी जवळ आली, कोणी मीरा रोडला गेलं, कोणी जेसल पार्कला, तरी चौघांची गाठ सुटली नव्हती. दरवर्षी होळीनंतरच्या शनिवार-रविवारी जव्हारच्या पुढे एका नदीकाठी तंबू ठोकून राहायचं आणि मासे पकडायचे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. हे खूळ आणलं रोशन व्होराने. खरं तर त्याने ते आणावं हेच नवल, कारण त्याच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण तो एकदा न्यूझीलंडला मावसभावाकडे गेला आणि येताना लांब, छडीसारखा लवचीक रॉड घेऊन आला. या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावायची नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची, तीच फ्लाय. तिला वजन असं नसतंच, म्हणून जाडसर दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत झुलवत पाण्यावर अलगद पसरायची. आणि मासा लागला की हातात धरून बघायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. हा शेवटचा नियम रोशनला फारच सोयीचा होता. निकेतच्या आईला मात्र तो कधीच पटला नाही. “सोडायचाच तर धरता कशाला?” असं ती दरवर्षी विचारायची.

या फ्लाय त्यांना सुलू करून द्यायची. सुलू म्हणजे परशुरामची बायको. जेसल पार्कच्या घरी बसून ती साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउजवर आरीकाम करायची. बोटांत विलक्षण सफाई. रोशनने आणलेली एक फ्लाय तिने नमुन्याला ठेवून घेतली आणि चिकनवाल्याकडची पिसं नि जरीचे तुकडे वापरून अशा माशा बांधल्या की राज पहिल्यांदा त्यातली एक हातात घेताना दबकला होता. नदीवर ती कधी आली नाही. पण दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी कंपासपेटीत कापूस घालून त्यात माशा मांडून द्यायची आणि बजावायची, किती परत आणता ते मी मोजून घेणार आहे.

गेल्या वर्षीच्या होळीआधी, थंडीत, सुलू गेली. पोटाचं दुखणं म्हणून तपासायला गेली आणि काही महिन्यांत सगळं आटोपलं. मूलबाळ नव्हतं. परशुराम एकटा उरला. त्या होळीला तिघांनीच आग्रह करून त्याला नदीवर नेलं, जरा मन रमेल म्हणून.

ते रमलं नाही. परशुरामने रॉड हातातसुद्धा घेतला नाही. राजने टाकलेली सुलूची एक माशी पलीकडच्या काठाला करंजाच्या फांदीत अडकून तुटली, तेव्हा तो कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि ऊन चढेपर्यंत ती शोधत राहिला. त्यानंतर पेटी त्याने कुणाला उघडू दिली नाही. जेवायला बसले की तो हॉस्पिटलचं सांगायला लागायचा. सुलूला कैरी खावीशी वाटली, डिसेंबरात कुठली कैरी, मग मी कुठे कुठे हिंडलो. एवढं होईतो कोणीतरी विषय बदलायचा. राजने तर सरळ गाणी लावली. थोड्या वेळाने परशुराम पुन्हा कैरीपासून सुरुवात करायचा. रविवारी सकाळीच तंबू गुंडाळून सगळे परत निघाले.

म्हणून यंदा फेब्रुवारी सरता सरता रोशनने निकेतला आणि राजला मीरा रोडला एका हॉटेलात चहाला बोलावलं. “देख, मैं बुरा आदमी नहीं हूँ,” अशीच त्याने सुरुवात केली, तेव्हा पुढे काय येणार ते निकेतला कळलं. वर्षभर दुकान आणि घर, दोन दिवस काय ते सुखाचे मिळतात, असं रोशनचं म्हणणं. “यंदा तिघंच जाऊया,” तो म्हणाला. राजने मान डोलवली. परशाला दुखवायचं नाही, फक्त यंदा कॅन्सल म्हणून सांगायचं, एवढीच पुस्ती त्याने जोडली. मग सांगणार कोण, असा प्रश्न आला आणि दोघांनी निकेतकडे पाहिलं. परशुरामच्या सगळ्यात जवळचा तोच होता.

जवळचा म्हणजे किती, ते निकेतला त्या टेबलावरच आठवलं. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा परशुराम सकाळी भांड्यांच्या कारखान्यात कामावर जाण्याआधी घरी येऊन जायचा. वडिलांना दोन्ही हातांनी उचलून आंघोळीच्या स्टुलावर बसवायचा आणि निकेतला म्हणायचा, तू फक्त पाणी घाल. वडील जाईपर्यंत त्यात खंड पडला नाही. हे सगळं आठवूनही निकेत काही बोलला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, “तंबू कुणाचा घ्यायचा?”

त्यानंतर तयारी सुरू झाली आणि ती मजेची होती, हेच निकेतला सगळ्यात जास्त टोचत होतं. रोशनने तिघांचा वेगळा ग्रुप केला. राजने नवीन तंबू मागवला, आतून उभं राहता येईल असा. नदीचं पाणी यंदा कसं आहे, पळस फुलला का, हे जागामालकाला फोन करून विचारून झालं. पाणी उतरलंय, स्वच्छ आहे, सकाळच्या वेळी खडस मासे वर येताना दिसतात, असं तो म्हणाला. ते ऐकून तिघंही पोरांसारखे हरखले. फ्लाय यंदा राजने ऑनलाइन मागवल्या. छान होत्या. निकेतने त्यांचा फोटो पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

वर्षभरात हाताची सवय मोडलेली असते, म्हणून निकेत संध्याकाळी ऑफिसातून आला की रोशनकडून आणलेला रॉड घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जायचा. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधायचा आणि पाण्याच्या टाक्या नि वाळत घातलेल्या चादरी चुकवून दोरी हवेत झुलवायचा. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग हात पुढे आणायचा. घाई केली की सगळा गुंता पायाशी. हे थांबणं जमलं की अंगातून एक सुख जायचं. आणि नेमका तेव्हा खिशातला फोन वाजायचा. परशुरामचा.

तो रोज फोन करायला लागला होता. आज काकूंना कसं आहे? अंथरुणातून उठताना एकदम उभं करू नकोस, आधी कडेला बसव, पाय खाली सोडू दे. मीठ कमी केलंस का? बाथरूममध्ये रबराची चटई टाक. सुलूच्या आजारपणात शिकलेलं सगळं तो निकेतला देत होता. निकेत हो हो म्हणायचा. आदल्या दिवशी काय सांगितलं ते लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी पुढचं सांगायचा. एकदा परशुरामला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, आज जरा बरी आहे. दुसऱ्या दिवशी घाबरून म्हणाला, काल पुन्हा चक्कर आली.

घरात बायकोला, निशिगंधाला, त्याने आणखी वेगळंच सांगितलं होतं. परशाच यंदा नको म्हणाला. ती म्हणाली, साहजिक आहे. आणि आईशी तो उगाचच गोड वागायला लागला. मोसंबी आणली. जिना चढताना तिचा हात धरला, तो तिने झटकून टाकला. एके दिवशी ती उंबऱ्याला अडखळली, तर निकेत असा दचकला की तीच त्याच्याकडे बघत राहिली.

“काय हवंय तुला?” तिने विचारलं. निकेत म्हणाला, काही नाही.

निघायचं होतं शनिवारी पहाटे. शुक्रवारी संध्याकाळी निकेत ऑफिसातून लवकर आला, सॅक भरून हॉलमध्ये ठेवली, रॉडची लांब पिशवी तिच्यावर आडवी टाकली. निशिगंधा डब्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत होती. आई शेजारी बसून त्या तळत होती. तेवढ्यात परशुरामचा फोन आला. तो म्हणाला, “खाली आहे. तुमच्या लिफ्टला गर्दी आहे, येतोच.”

त्याने आधी सॅक आणि रॉड उचलून बेडरूममध्ये कपाटामागे ढकलले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “आई, जरा आत जाऊन आडवी हो.”

आईने झारा तसाच धरून विचारलं, कशाला. मग निकेतला सांगावं लागलं. लिफ्ट वर येईपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढंच त्याने सांगितलं, पण ते पुरेसं होतं. निशिगंधाने लाटणं खाली ठेवलं. “भाऊजीच नको म्हणाले म्हणून सांगितलं होतंस मला,” ती म्हणाली.

आईने गॅस बंद केला. पदराला हात पुसले. निकेतला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि मनातून कुठेतरी तसंच व्हावं असंही वाटलं. पण ती उठून आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर आडवी झाली. चादर ओढून घेताना म्हणाली, “तुझ्यासाठी नाही झोपत मी. त्याला आज कळलं तर त्याचं काय होईल, म्हणून.”

बेल वाजली.

परशुरामच्या एका हातात शहाळी होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पाठीवर कपड्यांची बॅग. वर्षभरात तो वाळला होता, शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी राहत होती. पुऱ्यांचा वास घरभर होता, पण त्याने काही विचारलं नाही. चपला काढून सरळ आत गेला, आईच्या पायांना हात लावला आणि पलंगाजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढून बसला. कापडी पिशवीतून त्याने ब्लड प्रेशरचं मशीन काढलं. सुलूसाठी घेतलेलं.

“हात द्या काकू.”

आईने हात दिला. पट्टा फुगला, आकडे पळाले आणि थांबले. परशुरामने ते दोनदा वाचले. “नॉर्मल आहे,” तो म्हणाला. “एकदम नॉर्मल.” आणि त्याचा चेहरा इतका उजळला की दारात उभ्या असलेल्या निकेतला तिथून निघून जावंसं वाटलं. कितीतरी दिवसांत त्याने या माणसाला असं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. “सुलूचं कधी असं यायचंच नाही,” परशुराम पट्टा सोडवत म्हणाला.

मग आईने विचारलं. अगदी साधं विचारलं, जसं शेजारणीला विचारावं. “शेवटी शेवटी तिला खावंसं काय वाटायचं रे?”

निकेतला पुढचं माहीत होतं. परशुराम कैरीपासून सुरू करणार. त्याने केलंच. डिसेंबर होता, तोंडाची चव गेलेली, आणि सुलू म्हणाली, कैरी असती तर बरं झालं असतं. मग तो भाईंदरच्या बाजारात हिंडला, बोरिवलीला गेला, दादरला गेला. इथवरची गोष्ट निकेतने अनेकदा ऐकली होती. नदीवर ऐकली होती, फोनवर ऐकली होती. यापुढे काय झालं ते त्याने कधीच ऐकलं नव्हतं, कारण यापुढे कोणी त्याला जाऊ दिलं नव्हतं.

आईने मात्र विचारलं, “मग? मिळाली?”

“मिळाली,” परशुराम म्हणाला. दादरला एका फळवाल्याकडे टोपलीत तळाशी दोन होत्या, कुठून तरी दक्षिणेतून आलेल्या. तो त्या घेऊन धावत हॉस्पिटलला आला. सुलू जागी होती. तिने कैरी हातात घेतली, नाकाशी धरली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, मीठ कुठंय? नर्सने खायला देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण एक फोड चाटायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. तो खाली कॅन्टीनला गेला. तिथे भांडून कागदात चिमूटभर मीठ घेतलं. वर आला तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

“मी मिठाला गेलो काकू,” परशुराम म्हणाला. “शेवटच्या वेळी मी मिठाला गेलो. कैरी आणलीच नसती तर बसलो असतो ना तिथेच.”

निशिगंधा केव्हा दारात येऊन उभी राहिली होती ते निकेतला कळलं नाही. त्याला नदीकाठची ती दुपार आठवत होती. राजने गाणी लावली तेव्हा आवाज वाढवायला फोन पुढे केला होता तो निकेतने.

आई उठून बसली. आजारी माणूस उठतं तशी नाही, नेहमीसारखी, एका दमात. तिने परशुरामचा हात दोन्ही हातांत धरला.

“तिने मागितलं आणि तू उठलास,” ती म्हणाली. “आणखी काय करायचं असतं माणसाने?”

परशुराम खाली मान घालून रडला. आवाज न करता, खांदे हलवत. आईने त्याला रडू दिलं. मग निशिगंधाने पाणी आणलं, ते तो प्यायला, रुमालाने तोंड पुसलं आणि जणू आपण कामासाठी आलो होतो ते आठवल्यासारखं निकेतकडे वळून बोलायला लागला. त्याने शनिवारची सुट्टी टाकली होती. कपडे घेऊन आला होता. “मी दोन दिवस इथेच काकूंजवळ बसतो. तू रोशन-राजला फोन कर. तुम्ही तिघं जाऊन या नदीवर.”

निकेत म्हणाला, नको.

“अरे जा. गेल्या वर्षी मी तुमचा सगळा विचका केला, मला कळत नाही का? यंदाचं विचारलं खरं, पण मला तिथे जाववतही नाही आता. तुम्ही जा. काकूंना मी बघतो.”

निकेतने आईकडे पाहिलं. तिने तोंड फिरवून भिंतीकडे केलं होतं.

निकेत म्हणाला, “परशा, जरा खाली येतोस?”

सोसायटीच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या टोकाला पत्र्याखाली एक सिमेंटचं बाकडं आहे. तिथे दोघं बसले. पोरांचं क्रिकेट चाललं होतं. निकेतने बोलायला सुरुवात केली ती अशी, “रोशनचं म्हणणं होतं की...” आणि रोशन काय म्हणाला, राज काय म्हणाला, हे सगळं सांगून टाकलं. तंबूचं सांगितलं. आईला काही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं, हेही सांगितलं. परशुराम समोर बघत ऐकत होता. निकेत थांबला तेव्हा त्याने विचारलं, “आणि तुझं काय म्हणणं होतं?”

“मी काही म्हणालो नाही.”

“हं,” परशुराम म्हणाला.

एक चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी आला. त्याने वाकून तो उचलला, पोरांकडे फेकला. मग उठला. म्हणाला, “काकूंना बरं आहे ना? मग झालं.” आणि वर येऊन आईला सांगितलं की कारखान्यातून फोन आला, जावं लागतंय. मशीन राहू दे इथेच, असंही म्हणाला. बॅग पाठीवर घेतली आणि गेला. आईने त्याला अडवलं नाही.

पहाटे रोशनची गाडी गेटवर आली तेव्हा निकेत खाली जाऊन फक्त रॉड परत देऊन आला. निशिगंधाने पुऱ्यांचा डबा दिला होता, तोही दिला. मी येत नाही, परशाला सगळं सांगितलंय, असं त्याने सांगितल्यावर राजने डबा मागच्या सीटवर ठेवून दिला. रोशन मात्र चिडला. “तू नहीं आया तो उसको अच्छा लगेगा क्या?” त्याने विचारलं. गाडी गेली.

न गेल्याने मनावरचं ओझं थोडं तरी उतरेल, असं त्याला वाटलं होतं. उलट दोन दिवस तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. न जाण्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. परशुरामला त्याने फोन केले, ते त्याने उचलले नाहीत. रविवारी दुपारी ग्रुपवर रोशनने फोटो टाकला. पाणी, पळस, ओल्या हातात एक मासा. निकेतने तो पाहिला आणि त्याला नदीवर असावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याची लाज वेगळी.

आई त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. रविवारी संध्याकाळी तिने त्याच्याकडून परशुरामचा नंबर लावून घेतला. निकेतच्या फोनवरून तो उचलणार नाही म्हणून निशिगंधाच्या फोनवरून लावायला सांगितला. “मी चंपाकाकू,” ती म्हणाली. “माझ्याकडून पण खोटं झालं. मी झोपले ना तशी. तू येत्या शनिवारी ये. सुलूचं अजून पुष्कळ विचारायचंय मला.” पलीकडून तो काय बोलला ते निकेतला ऐकू आलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं.

शनिवारी तो आला. कारखाना सुटल्यावर संध्याकाळी आला, आणि पुढच्या शनिवारीही आला. आईच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचा, आधी ब्लड प्रेशर बघायचा, मग दोघांच्या गप्पा चालायच्या. सुलूच्या माहेरच्या, तिच्या शिवणकामाच्या, तिच्या रागाच्या. कधी कधी आत हसण्याचा आवाज यायचा. निकेत हॉलमध्ये टीव्ही मंद करून बसायचा. चहा तोच नेऊन द्यायचा. परशुराम कप घ्यायचा, बरा आहेस ना, विचारायचा. पूर्वी तो निकेतला शिवी दिल्याशिवाय बोलायचा नाही. आता एकही शिवी नव्हती, आणि निकेतला त्या शिव्यांवाचून घर सुनं वाटायचं.

त्याने एकदा माफी मागायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरात दोघंच होते. परशुराम म्हणाला, “राहू दे रे,” आणि कप विसळून पालथा घातला.

मग एप्रिल उलटून गेला. एका शनिवारी आईने सांगितलं म्हणून निकेत परशुरामला शेअर रिक्षाच्या स्टँडपर्यंत सोडायला गेला. वाटेत दोघं मीरा रोडच्या खणलेल्या रस्त्यांवर बोलले, आंब्याच्या भावावर बोलले. स्टँडवर रिक्षा भरायची होती. परशुराम आत जाऊन बसला, बाहेर बघत राहिला. आणखी एक बाई येऊन बसली. तिसऱ्याची वाट बघत रिक्षावाला जेसल पार्क, जेसल पार्क म्हणून ओरडत होता.

“मासा लागला होता का त्यांना?” परशुरामने अचानक विचारलं.

निकेतला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाला, “एक. राजला. टीचभर होता.”

“सोडला?”

“सोडला.”

परशुरामने मान हलवली. “राज हात पुढे आणायची घाई करतो,” तो म्हणाला. “तू तेवढी करत नाहीस.”

तिसरा प्रवासी आला आणि रिक्षा निघाली. गर्दीतून ती वळणापर्यंत दिसत होती. निकेत ती दिसेनाशी होईपर्यंत थांबला, मग दूध घ्यायचं राहिलं होतं म्हणून डेअरीकडे वळला.